जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट, १९४३ – १६ ऑक्टोबर, १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटच्या जडणघडणीच्या काळात त्यांनी सुमारे तीन दशके आरएफसी या तांत्रिक दस्तऐवजमालिकेचे संपादन केले. इंटरनेटवरील क्रमांक, पत्ते आणि सर्वोच्च पातळीवरील डोमेन यांचे वाटप पाहणाऱ्या आयाना या व्यवस्थेचे प्रमुख म्हणून ते विशेष ओळखले जातात. आयपी, टीसीपी, यूडीपी आणि एसएमटीपी या मूलभूत प्रोटोकॉलांच्या लेखन-संपादनात त्यांचा प्रमुख वाटा होता. आयपी पत्त्यांच्या एखाद्या गटाचे उलट डीएनएस त्या गटाच्या धारकाकडे सोपविण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे. ती ज्या प्रशासकीय तत्त्वांवर उभी आहे, त्यांची मांडणीही बऱ्याच अंशी पोस्टेल यांच्या हातून झाली.

जन्म व शिक्षण

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाईज हायस्कूलमध्ये ते शिकले. पुढे इंटरनेटच्या इतिहासात नावाजलेले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून (यूसीएलए) त्यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. १९७४ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली.

विद्यार्थिदशेतच ते लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या नेटवर्क मापन केंद्रात काम करू लागले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेने उभारलेल्या आर्पानेटचे पहिले केंद्र १९६९ मध्ये येथेच सुरू झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी यूसीएलएतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश पाठविण्यात आला.

आरएफसीचे संपादन

आर्पानेटवरील संगणकांनी परस्परांशी कसे बोलावे हे ठरविण्याचे काम मुख्यतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे आले होते. चर्चेची टिपणे ठेवण्यासाठी क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये आरएफसी ही मालिका सुरू केली. अधिकारवाणीने बोलल्याचा समज होऊ नये म्हणून तिला अभिप्रायाची विनंती असे नम्र नाव देण्यात आले. लवकरच तिच्या संपादनाची जबाबदारी पोस्टेल यांच्याकडे आली आणि मृत्यूपर्यंत ती त्यांच्याचकडे राहिली. दोनशेहून अधिक आरएफसींवर लेखक वा सहलेखक म्हणून त्यांचे नाव आहे.

पोस्टेल भाषेच्या काटेकोरपणाबद्दल प्रसिद्ध होते. एकदा प्रसिद्ध झालेला दस्तऐवज बदलायचा नाही आणि दुरुस्ती करायची असल्यास नवा क्रमांक घ्यायचा, ही या मालिकेची शिस्त आहे. इंटरनेटच्या प्रत्येक निर्णयाचा माग आज घेता येतो, तो या शिस्तीमुळेच.

क्रमांकांची नोंदवही

नेटवर्कवर दोन संगणकांनी एकच क्रमांक वेगवेगळ्या अर्थाने वापरला, तर संवाद होऊ शकत नाही. कोणता क्रमांक कोणत्या कामासाठी, याची नोंद कोणीतरी एकाने ठेवणे आवश्यक होते. मे १९७२ मधील आरएफसी ३४९ मध्ये पोस्टेल यांनी अशा नोंदीसाठी एक व्यक्ती नेमावी असे सुचविले आणि काहीशा मिश्किलपणे स्वतःचेच नाव पुढे केले. कोणी हरकत घेतली नाही, आणि ते काम त्यांच्याकडे कायमचे आले.

मायटर आणि स्टॅनफर्ड संशोधन संस्था येथे काही काळ काम केल्यानंतर ते १९७७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेत (आयएसआय) रुजू झाले. मरिना डेल रे येथील या संस्थेत ते अखेरपर्यंत राहिले. आयाना असे भारदस्त नाव असलेली ही व्यवस्था प्रत्यक्षात पोस्टेल, त्यांच्या सहकारी जॉइस रेनल्ड्स आणि मोजके साहाय्यक एवढीच होती. १९८७ मध्ये आयपी पत्त्यांच्या दैनंदिन वाटपाचे काम आयएसआयकडून नेटवर्क माहिती केंद्राकडे गेले. अंतिम अधिकार मात्र आयानाकडेच राहिला. तो कोणत्या कायद्याने राहिला, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. पुढे तोच प्रश्न सर्वांत मोठा ठरला.

प्रोटोकॉल

सुरुवातीला टीसीपी हा एकच मोठा प्रोटोकॉल होता. पत्त्यानुसार पाकिटे पोहोचविणे आणि ती क्रमाने, न गळता मिळतील हे पाहणे ही दोन वेगळी कामे त्यात एकत्र केली होती. ऑगस्ट १९७७ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी या रचनेवर टीका केली. पुढे टीसीपी आणि आयपी वेगळे झाले. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९१, ७९२ आणि ७९३ या दस्तऐवजांत आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी यांची व्याख्या आहे. त्यापूर्वी १९८० मध्ये यूडीपी आणि त्यानंतर १९८२ मध्ये ईमेलसाठीचा एसएमटीपी हे प्रोटोकॉल त्यांनी शब्दबद्ध केले. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट टीसीपी/आयपीवर गेले. या स्थित्यंतराची योजनाही पोस्टेल यांनी लिहिली होती.

पाठविताना नियम काटेकोर पाळावेत, स्वीकारताना मात्र सामंजस्य दाखवावे, हे त्यांनी मांडलेले सूत्र पोस्टेलचा नियम म्हणून ओळखले जाते. त्यातील सामंजस्याच्या भागावर सुरक्षेच्या दृष्टीने नंतर बरीच टीका झाली.

डोमेन नाव प्रणाली

आर्पानेटवरील सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच मजकूर-फाइलमध्ये असत आणि प्रत्येक केंद्र ती फाइल उतरवून घेई. संगणकांची संख्या वाढू लागल्यावर ही पद्धत अपुरी पडली. पोस्टेल यांनी आयएसआयमधील सहकारी पॉल मॉकापेट्रिस यांच्याकडे नवा आराखडा करण्याचे काम दिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना प्रसिद्ध केली. तिच्या अंमलबजावणीचे वेळापत्रक पोस्टेल यांनी लिहिले. ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि रेनल्ड्स यांनी कॉम, एज्यु, गव्ह, मिल आणि ऑर्ग ही डोमेने, तसेच दोन अक्षरी देशवार डोमेने यांचे नियम मांडले.

डीएनएसचा गाभा म्हणजे डेलिगेशन, अर्थात अधिकार सोपविणे. सारी नावे एका ठिकाणी न ठेवता प्रत्येक शाखा तिच्या व्यवस्थापकाकडे सोपवायची आणि वरच्या पातळीने त्या व्यवस्थापकाच्या नेमसर्व्हरची तेवढी नोंद ठेवायची. मार्च १९९४ मधील आरएफसी १५९१ मध्ये पोस्टेल यांनी या व्यवस्थेची नैतिक बाजू स्पष्ट केली. डोमेनचा व्यवस्थापक हा मालक नसून विश्वस्त असतो, त्याने सर्व अर्जदारांना समान वागणूक द्यावी, त्याचे नेमसर्व्हर चालू आणि तपासता येण्याजोगे असावेत, असे त्यात म्हटले आहे. कोणता प्रदेश देश आहे हे आयानाने ठरवायचे नाही, आयएसओ ३१६६ ही यादी प्रमाण मानायची, अशीही भूमिका त्यांनी घेतली. डोमेनच्या खालच्या शाखा सोपविताना हीच तत्त्वे लागू होतात, हेही त्यांनी नोंदविले.

भारताचे डॉट इन हे डोमेन याच व्यवस्थेखाली मे १९८९ मध्ये नोंदविले गेले. त्याचे व्यवस्थापन मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे होते. २००५ पासून ते काम इनरजिस्ट्रीकडे गेले.

उलट डीएनएस आणि त्याची सुपुर्दगी

नावावरून पत्ता शोधणे ही डीएनएसची ठळक बाजू आहे. पत्त्यावरून नाव शोधण्याची दुसरी बाजू सामान्य वापरकर्त्याला सहसा दिसत नाही. त्यासाठी इन-अ‍ॅडर.आर्पा हे खास डोमेन राखलेले आहे. आर्पा हे डोमेन स्थित्यंतराच्या काळापुरते तात्पुरते म्हणून सुरू झाले होते. ते अद्याप चालू आहे, आणि त्याच्या चार अक्षरांना नंतर नवा विस्तार शोधून देण्यात आला.

डोमेन नावात विशेष भाग डावीकडे आणि व्यापक भाग उजवीकडे असतो. आयपी पत्त्यात नेमके याच्या उलट असते. म्हणून पत्त्याचे चार आकडे उलट क्रमाने लिहिले जातात. १९२.०.२.२५ या पत्त्याचे नाव शोधायचे असल्यास २५.२.०.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा या नावाची पीटीआर नोंद विचारली जाते. अशा रीतीने १९२.०.२ या आकड्यांनी सुरू होणाऱ्या २५६ पत्त्यांची शाखा २.०.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा ही ठरते. ती एका झोनच्या स्वरूपात कोणालाही सोपविता येते.

कोणालाही म्हणजे अर्थातच पत्त्यांच्या धारकाला. साधे डोमेन नाव विकत घेतले म्हणून त्या नावामागील पत्त्याचे उलट डीएनएस मिळत नाही. तो अधिकार पत्ते देणाऱ्या संस्थेकडून पत्त्यांच्या मागोमागच येतो. धारकाने आधी किमान दोन नेमसर्व्हरांवर तो झोन उभा करावा लागतो आणि नंतर त्या सर्व्हरांची नावे नोंदणीसंस्थेला कळवून सुपुर्दगीची मागणी करावी लागते. झोन तयार नसताना केलेली मागणी हे नेहमीचे गोंधळाचे कारण असते. वरची संस्था बोट दाखविते, पण त्या ठिकाणी उत्तर देणारे कोणी नसते. अशा सुपुर्दगीला लंगडी म्हटले जाते.

पोस्टेल सहलेखक असलेल्या नोव्हेंबर १९९६ मधील आरएफसी २०५० मध्ये या कामाची वाटणी केलेली आहे. ज्या सेवादात्याकडे ६५,५३६ किंवा त्याहून अधिक पत्त्यांचा गट आहे, त्याने आपल्या ग्राहकांच्या उलट नोंदी स्वतः सांभाळाव्यात. त्याहून लहान गटांच्या नोंदी प्रादेशिक नोंदणीसंस्थेने पाहाव्यात. सुपुर्दगी पत्त्यातील ठिपक्यांवरच तुटते. त्यामुळे १०२४ पत्त्यांच्या गटासाठी एकाऐवजी चार झोन मागावे लागतात.

२५६ पेक्षा लहान गटांची अडचण याहून बिकट होती. १९९३ नंतर पत्त्यांची टंचाई जाणवू लागली आणि ६४ किंवा १६ पत्त्यांचे तुकडे दिले जाऊ लागले. पण ठिपक्यांच्या आत सुपुर्दगी करण्याची सोय डीएनएसमध्ये नव्हती. यावरील तोडगा मार्च १९९८ मध्ये आरएफसी २३१७ म्हणून प्रसिद्ध झाला. सेवादात्याने ६४ पत्त्यांपैकी प्रत्येकासाठी एक टोपणनावाची नोंद, म्हणजे सीनेम, लिहावी. ती ग्राहकाच्या ताब्यातील वेगळ्या झोनकडे वळवावी. पुढे ग्राहकाने आपल्या पीटीआर नोंदी मनाप्रमाणे बदलाव्यात. युक्ती थोडी वेडीवाकडी असली, तरी त्यासाठी डीएनएसच्या आज्ञावलीत काहीच बदलावे लागले नाही.

पीटीआर नोंद नसलेल्या पत्त्यावरून आलेले ईमेल आज अनेक सर्व्हर नाकारतात. पोस्टेल यांच्या मूळ एसएमटीपीमध्ये अशी अट नव्हती. स्वीकारताना सामंजस्य दाखविण्याच्या त्यांच्या सूत्राला निनावी जाहिरातींच्या लोंढ्यापुढे माघार घ्यावी लागली, असे म्हणता येईल. भारतातील पत्त्यांसाठी उलट डीएनएसची मागणी आशिया-प्रशांत क्षेत्राच्या एपनिककडे किंवा २०१२ पासून कार्यरत असलेल्या इरिन या राष्ट्रीय नोंदणीसंस्थेकडे केली जाते. सेवादात्याकडून पत्ते घेतलेल्यांना मात्र त्या सेवादात्याकडेच जावे लागते.

१९९८ मधील वाद

डोमेन नोंदणीचे काम १९९३ पासून नेटवर्क सोल्युशन्स या खासगी कंपनीकडे होते. सप्टेंबर १९९५ पासून तिने वार्षिक ५० डॉलर शुल्क आकारण्यास सुरुवात केली आणि नावांच्या व्यवहाराला एकाएकी मोठे आर्थिक महत्त्व आले. नवी डोमेने सुरू करून ही मक्तेदारी कमी करण्याच्या प्रयत्नांना पोस्टेल यांचा पाठिंबा होता. अमेरिकी सरकारला मात्र हा विषय आपल्या नियंत्रणात हवा होता.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी रूट सर्व्हर चालविणाऱ्यांपैकी आठ जणांना ईमेल केले. मूळ यादी नेटवर्क सोल्युशन्सच्या सर्व्हरवरून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्यावी, अशी सूचना त्यात होती. आठही जणांनी ती मानली. सरकारी संस्थांकडील सर्व्हर जुन्याच ठिकाणाहून यादी घेत राहिले. दोन्ही याद्यांतील मजकूर सारखाच असल्याने कोणाचेही काम अडले नाही. इन-अ‍ॅडर.आर्पाचा झोनही त्या काळी रूट सर्व्हरांवरच असे. २०११ मध्ये तो स्वतंत्र सर्व्हरांवर हलविण्यात आला.

क्लिंटन प्रशासनातील इंटरनेट धोरणाचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी या कृतीस तीव्र हरकत घेतली. पोस्टेल यांनी तो बदल मागे घेतला आणि ही केवळ चाचणी होती असे सांगितले. काहींच्या मते ती खरोखरच चाचणी होती, तर काहींना त्यात सरकारला दिलेला सूचक इशारा दिसतो. विश्वासावर चाललेली व्यवस्था कोणाच्या अधिकारात आहे हे त्या आठ सर्व्हरचालकांच्या कृतीतून उघड झाले, आणि तिला कायदेशीर चौकट देण्याची निकड सरकारलाही पटली. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने धोरणपत्र काढले आणि सप्टेंबरमध्ये आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. पोस्टेल तिचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होणार होते.

मृत्यू आणि सन्मान

पोस्टेल यांच्या हृदयाच्या झडपेवर १९९१ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. १९९८ मध्ये पुन्हा झडप बदलावी लागली. त्यातून सावरत असताना १६ ऑक्टोबर रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५५ वर्षांचे होते. आयकॅन आणि अमेरिकी सरकार यांच्यातील करार त्यानंतर नोव्हेंबरमध्ये झाला. व्हिंट सर्फ यांनी लिहिलेली श्रद्धांजली आरएफसी २४६८ या क्रमांकाने, म्हणजे पोस्टेल यांच्याच मालिकेत प्रसिद्ध झाली.

लांब दाढी, पायांत सँडल आणि सुटीत सिएरा नेवाडाच्या डोंगरांतील भटकंती अशी त्यांची ओळख होती. इंटरनेट सोसायटीचे ते पहिले वैयक्तिक सभासद होते. १९९७ मध्ये त्यांना एसीएम सिगकॉम पुरस्कार मिळाला. इंटरनेट सोसायटीने १९९९ पासून त्यांच्या नावाने सेवा पुरस्कार सुरू केला असून पहिला पुरस्कार त्यांनाच मरणोत्तर देण्यात आला. २०१२ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.