सेलोफेनचे जनक जाक ब्रांडेनबर्गर

झुरिक येथे १८७२ साली जन्मलेले ब्रांडेनबर्गर हे फ्रान्समधील एका कापड-कारखान्यात रसायनज्ञ होते. उपाहारगृहात मेजावरील शुभ्र कापडावर मद्य सांडलेले त्यांनी पाहिले आणि डाग न धरणारे कापड करण्याचा ध्यास घेतला, असे सांगतात. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून होणारा व्हिस्कोज नावाचा दाट रस त्यांनी कापडावर चढविला. कापड ताठ होऊन निरुपयोगी ठरले. लेप मात्र पारदर्शक पापुद्रा होऊन सुटून आला. दुसरा कोणी तो टाकून देता. ब्रांडेनबर्गरांनी कापड सोडले आणि पापुद्रा धरला! वर्षानुवर्षे खटपट करून त्यांनी तो सलग काढणारे यंत्र सिद्ध केले. सेलोफेन हे नावही त्यांचेच.

त्यातून पाण्याची वाफ आरपार जाई. १९२७ मध्ये अमेरिकेत विल्यम चार्च यांनी वर रोगण देऊन ती उणीव घालविली. १९५४ मध्ये ब्रांडेनबर्गर निवर्तले. पुढे खनिज तेलापासूनच्या स्वस्त प्लॅस्टिकने सेलोफेनला मागे सारले. व्हिस्कोजला लागणारे कार्बन डायसल्फाइड विषारी, हेही खरे. परंतु रोगण न दिलेला सेलोफेन मातीतील जंतू खाऊन टाकतात. १ जुलै २०२२ पासून भारतात मिठाईच्या खोक्यांवरील प्लॅस्टिकच्या वेष्टनास बंदी झाली, तेव्हा प्लॅस्टिकच्या कारखान्यांनी गजबजलेल्या सिल्वासात आम्हांस त्या टाकाऊ पापुद्र्याचे स्मरण झाले.