एनियाग्रामचा नंबर शोधण्याआधी येरवड्याजवळच्या फादर अँथनी डिमेलोंबद्दल वाचा

पुण्यात येरवड्याचं नाव काढलं की एकतर जेल आठवतं, नाहीतर मेंटल हॉस्पिटल. कुणी जरा वेगळं वागलं की मित्रमंडळी त्याला गमतीत थेट येरवड्याला पाठवतात. शिक्का मारून मोकळं!

याच येरवड्यातून नगर रोडने वाघोलीच्या दिशेला निघालं की रामवाडी लागते. इथल्या डी नोबिली कॉलेज या जेझुइटांच्या संस्थेत ७०च्या दशकात एक धर्मगुरू माणसांना असे शिक्के ओळखायला आणि उतरवायला शिकवत होते. त्यांचं नाव फादर अँथनी डिमेलो, जवळच्यांसाठी टोनी.

जन्म ४ सप्टेंबर १९३१, मुंबईचा. कुटुंब मूळचं गोव्याचं. १९४७ मध्ये, वयाची सोळा वर्षंही पूर्ण झाली नव्हती, तेव्हा ते जेझुइट संघात दाखल झाले. तत्त्वज्ञान शिकले बार्सिलोनात, धर्मशास्त्र पुण्यात. १९६१ मध्ये धर्मगुरू झाले आणि मग शिकागोच्या लोयोला विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला गेले.

पुढच्या सगळ्या कामाची दिशा या मानसशास्त्राने ठरवली. जेझुइटांमध्ये ३० दिवस मौन पाळून करायच्या साधनेची जुनी परंपरा आहे. डिमेलो ती उत्तम घ्यायचे. पण प्रार्थना जमत नाही म्हणणाऱ्याची अडचण कित्येकदा प्रार्थनेत नसते, ती आतल्या भीतीत, रागात किंवा अपराधी भावनेत असते, असं त्यांचं मत झालं. मग डी नोबिलीत 'साधना' सुरू झाली. फादर आणि सिस्टर मंडळी गटात बसायची, स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलायची. सोबत श्वासाकडे लक्ष देणं, विपश्यनेशी नातं सांगणारं ध्यान. त्या काळात चर्चच्या छायेत हे चालणं म्हणजे धाडसच. १९७८ मध्ये साधना लोणावळ्याला हलली. त्याच वर्षी 'साधना' याच नावाचं त्यांचं इंग्रजी पुस्तक गुजरातमधल्या आणंदहून निघालं आणि पुढे जगभर गेलं.

आता एनियाग्राम. सध्या रीलवर लोक आपण 'टाइप टू' की 'टाइप फाइव्ह' हे सांगतात, ते हेच. एक वर्तुळ, त्यावर नऊ बिंदू, प्रत्येक बिंदू म्हणजे एक स्वभाव. यात माणूस काय करतो यापेक्षा का करतो हे बघतात. समजा, ऑफिसात दोघं उशिरापर्यंत थांबलेत. एकाला काम बिनचूक हवंय, तो एक नंबरचा. दुसऱ्याला आपण सगळ्यांना हवेहवेसे वाटायला हवेत, तो दोन नंबरचा. ही मांडणी चिलीतल्या आरिकात ऑस्कर इचाझो यांनी शिकवली, क्लाउडिओ नारान्हो यांनी ती अमेरिकेत नेली. तिथे रॉबर्ट ऑक्स या जेझुइटाने ती उचलली आणि शिकागोच्या लोयोलात शिकवली. डिमेलो शिकून गेले तेच हे विद्यापीठ, फक्त काही वर्षांनंतर. तिथून एनियाग्राम चर्चच्या शिबिरांमध्ये पसरला. मानसशास्त्राच्या संशोधनात मात्र त्याला भक्कम आधार मिळालेला नाही, हे टेस्ट देण्याआधी माहीत असलेलं बरं.

डिमेलो उलट्या टोकाने जायचे. त्यांच्या मते राग, यश, नोकरी, धर्म, अगदी स्वभावसुद्धा, ही सगळी लेबलं. ती बदलत राहतात. त्यांच्याकडे बघणारा 'मी' त्याहून वेगळा. म्हणून आपण रागीट आहोत असं ठरवून टाकण्याऐवजी आत्ता राग आलाय, एवढंच बघायचं. एनियाग्रामचा नंबर मिळाल्यावर 'मी असाच आहे' म्हणून सूट घेणाऱ्यांची पंचाईत होते ती इथेच.

२ जून १९८७ रोजी न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात व्याख्यानांसाठी गेलेले असताना ते अचानक वारले. वय ५५.

मृत्यूनंतर ११ वर्षांनी त्यांच्यावरही शिक्का बसला. १९९८ मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं की, डिमेलोंची काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. विशेषतः येशूला अनेक गुरूंपैकी एक मानणं आणि देवाला निराकार, व्यक्तित्वाविना पाहणं. खाली सही होती कार्डिनल रॅत्झिंगर यांची, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे. २००३ मध्ये व्हॅटिकनने 'न्यू एज' पंथांबद्दल एक दस्तऐवज काढला, तेव्हा त्यातल्या शब्दसूचीत एनियाग्रामचंही नाव होतं.