इंदूरचे एका दिवसाचे राजे : पॅट्रिक गेडीस

राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून, जुनी इंदूरमधून किंवा खान नदीच्या पुलावरून आपण नेहमी जातो-येतो. शंभर वर्षांपूर्वी एक दाढीवाले स्कॉटिश गृहस्थ याच गल्ल्या पायी हिंडत होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडीस.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. लंडनला हक्सले यांच्याकडे ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. डोळे सुधारले, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसणे सुटले आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्त्यांकडे वळले. लग्नानंतर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिनबरोच्या गलिच्छ वस्तीत मुद्दाम राहायला गेले आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन तिथली घरे दुरुस्त करू लागले.

१९१४ मध्ये ते भारतात आले. शहरांविषयीचे त्यांचे मोठे प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवले. मित्रांच्या मदतीने त्यांनी प्रदर्शन पुन्हा उभे केले. १९१७ हे वर्ष मात्र फारच कठोर ठरले. मोठा मुलगा अलास्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा आजारी होत्या, म्हणून गेडीसांनी ती बातमी त्यांना सांगितलीच नाही. थोड्याच आठवड्यांत ॲनाही भारतातच तापाने गेल्या. त्याच वर्षी हे गृहस्थ आपल्या इंदूरच्या कामाला लागले.

तेव्हाच्या इंदुरात प्लेग, पटकी, हिवताप आणि क्षय घरोघरी माणसे नेत होते. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत पोहोचला आणि रेल्वेच्या वाटेने गावोगाव पसरला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो हे गेडीस येण्याआधीच सिद्ध झाले होते. पण शास्त्रज्ञांना कळले म्हणून गल्लीतल्या माणसाला कळत नाही. प्लेग म्हटला की लोकांना आठवे ती सरकारी माणसांची धाड आणि घरांची पाडापाड. गेडीस नकाशा घेऊन हिंडू लागले, तेव्हा लोक त्यांच्याकडे रागाने पाहत. चौकशी केल्यावर कळले की, प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, असा लोकांचा समज आहे!

दुसरा कोणी असता तर पोलीस घेऊन फिरला असता. यांनी दरबाराकडे एका दिवसापुरते राजेपद मागितले आणि तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या राज्यात ते मिळालेही. मग जाहीर झाले की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यावर जास्त घरे स्वच्छ असतील तिथून जाईल. झाले! मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चढाओढ लागली, गाड्या भरभरून कचरा निघाला, भिंतींना रंग लागले. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, रोगराईचे राक्षस होते, प्लेगचा भला थोरला उंदीर होता आणि मोठाले डास होते. सफाई कामगार शुभ्र कपड्यांत, गळ्यात हार आणि हातात नवे झाडू घेऊन मानाने चालले. आम्हाला या साऱ्या हकिकतीत हेच दृश्य सर्वांत मोलाचे वाटते. तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी उंदराचे आणि राक्षसाचे दहन झाले, दसऱ्याला रावणाचे होते तसे.

१९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन भागांत छापला गेला. सरसकट घरे पाडून रुंद रस्ते काढणे त्यांना मान्य नव्हते. गरीब माणूस तिथून उठून पुढच्या गल्लीत दाटी करतो आणि रोग त्याच्याबरोबर जातो, असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी दोन-चार पडकी घरे काढून हवा-उजेड आणावा, विहिरी आणि तळी बुजवू नयेत, डासांच्या अळ्या खायला तळ्यांत मासे सोडावेत आणि नद्या स्वच्छ कराव्यात, असे उपाय त्यांनी सुचवले. इंदुरात विद्यापीठ असावे, हेही त्या अहवालात आहे. ते प्रत्यक्षात यायला १९६४ साल उजाडले. नद्यांचे काम अजून चालूच आहे. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्यांना ते सांगायला नको.

पुढे १९१९ ते १९२४ गेडीस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. नंतर ते फ्रान्समध्ये मोंपेलिए येथे राहिले आणि १७ एप्रिल १९३२ रोजी तिथेच वारले. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली होती.