कोळ्यांची पतपेढी

कॅनडा देशाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. त्याचा किनारा खडकाळ, हिवाळा कडक. तेथील लहान लहान गावांतून कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. कॉड मासा आणि लॉब्स्टर ही त्यांची उपजीविका. लॉब्स्टर म्हणजे कोकणात जिला शेवंड म्हणतात तिचाच मोठ्या नांग्यांचा भाऊबंद. समुद्र भरभरून देत होता. तरीही कोळ्यांच्या घरचे दारिद्र्य हटत नव्हते. ते हटविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते फादर मोझेस कोडी.

त्यांचा जन्म 3 जानेवारी 1882 रोजी त्याच प्रांतातील मार्गरी नदीच्या खोऱ्यात, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. रोम येथे शिक्षण घेऊन ते 1910 मध्ये धर्मगुरू झाले आणि पुढे अँटिगोनिश गावच्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात अध्यापन करू लागले. देहाने धिप्पाड, वक्तृत्वाने प्रभावी असे हे गृहस्थ विद्यापीठाच्या चार भिंतींत रमणारे नव्हते.

कोळ्यांचे दुःख कर्जात होते. हंगामाच्या आरंभी जाळी, दोर आणि लॉब्स्टर पकडण्याचे लाकडी पिंजरे लागत. घरात पीठमीठ लागे. हे सर्व गावचा व्यापारी उधारीवर देई. त्याची फेड मात्र पैशाने नव्हे, तर माशांनी करावयाची. मालाची किंमत व्यापारी ठरवी, माशांची किंमतही तोच ठरवी आणि हिशेबाची वहीही त्याच्याच हाती! हंगामाच्या अखेरीस कोळ्याच्या हाती क्वचितच काही उरे. पुढील वर्षी तो पुन्हा त्याच दारात उभा राही. बँकेकडे जावे, तर तारणाला जमीन नाही आणि होडी तर एका वादळातच बुडायची.

1 जुलै 1927 रोजी कॅनडाच्या संघराज्याला 60 वर्षे झाली म्हणून देशभर उत्सव चालला होता. कॅन्सो गावचे कोळी मात्र त्या दिवशी एकत्र जमले ते आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी. कोडी यांचे नातलग फादर जिमी टॉम्पकिन्स हे त्या गावचे धर्मगुरू होते. ही हाक सरकारपर्यंत पोहोचली व चौकशीसाठी आयोग नेमला गेला. आयोगापुढे कोडी यांनी साक्ष दिली आणि कोळ्यांनी सहकारी संस्था काढाव्यात, असे सुचविले. आयोगानेही पुढे तशीच शिफारस केली.

1928 मध्ये विद्यापीठाने लोकशिक्षणासाठी नवा विभाग उघडून त्याची सूत्रे कोडी यांच्याकडे दिली. पुढच्याच हिवाळ्यांपैकी एका हिवाळ्यात, 1929-30 मध्ये, बर्फातून वाट काढीत ते किनाऱ्यावरील गावोगाव हिंडले. 1930 च्या जून महिन्यात हॅलिफॅक्स शहरी कोळ्यांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांचा संघ स्थापन झाला.

कोडी यांनी पैशापूर्वी पुस्तक हाती दिले, हे विशेष. आधी सभा भरे. मग आठ-दहा शेजाऱ्यांचे अभ्यास मंडळ तयार होई. दिव्याच्या उजेडात, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून कोळी मासळीचा भाव, उधारी आणि हिशेब यांची चर्चा करीत. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना शेजारी वाचून दाखवी. लिटल डोव्हर या दरिद्री गावच्या कोळ्यांनी तर असा अभ्यास केल्यावर स्वतः झाडे तोडून लॉब्स्टर डबाबंद करण्याचा कारखाना उभारला. त्यासाठी लागणारे पैसे टॉम्पकिन्स यांच्या साहाय्याने उसने मिळाले.

परंतु प्रत्येक गावाला उसने देणारा कोठून मिळणार? म्हणून पतपेढी हवी होती. 1932 मध्ये प्रांताच्या कायदेमंडळाने पतपेढ्यांचा कायदा केला. सभासद आठवड्याला जमेल तेवढी चिल्लर ठेवीत. साचलेल्या रकमेतून त्यांच्यापैकीच कोणाला जाळ्यासाठी, कोणाला होडीच्या यंत्रासाठी कर्ज मिळे. भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. कर्ज देणारी समितीही शेजाऱ्यांचीच असे. कोण कष्टाळू, कोण शब्दाला जागणारा, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. बँकेला जे तारण दिसत नव्हते, ते त्यांना दिसत होते! रोख पैसा हाती आल्यावर जाळी कोठून घ्यावी आणि मासळी कोणाला विकावी, हे कोळी स्वतः ठरवू लागला. व्यापाऱ्यांना हे रुचले नाही. काही गावांतील प्रयत्न फसलेही, कारण हिशेब ठेवणे हे जाळे विणण्याइतकेच शिकावे लागते. तरी दहा वर्षांच्या आत प्रांतात व आसपास शंभराहून अधिक पतपेढ्या उभ्या राहिल्या.

1952 मध्ये प्रकृती खालावल्याने कोडी यांनी विभागाचा कारभार सोडला. 28 जुलै 1959 रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी विद्यापीठाने त्यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. गावकऱ्यांनी आपली बचत व आपला व्यापार कसा चालवावा, हे शिकण्यासाठी पुढे अनेक देशांतून, भारतातूनही, कार्यकर्ते त्या थंड किनाऱ्यावर जाऊ लागले.