ग्रेस हॉपर

ग्रेस हॉपर यांचा जन्म १९०६ साली न्यूयॉर्क येथे झाला. येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट घेतलेल्या या प्राध्यापिका महायुद्धात नौदलात दाखल झाल्या आणि १९४४ साली हार्वर्डच्या मार्क-१ संगणकावर रुजू झाल्या. नेहमी लागणारे आज्ञांचे तुकडे तेथे वहीतून हाताने उतरवीत. उतरविताना चुका होत.

१९५२ साली बाईंनी युनिव्हॅकसाठी ए-० हा कंपायलर रचला. तुकड्याचा क्रमांक दिला की कंपायलर फितीवरील संग्रहातून तो तुकडा काढी, स्मृतीतील पत्ते जुळवी आणि अखंड आज्ञावली तयार करी. प्रवासाची शिदोरी जणू गाठोड्यातच बांधलेली असे.

पण ही आज्ञावली दुसऱ्या जातीच्या यंत्राला परकीच. बाईंच्या फ्लो-मॅटिक भाषेच्या आधारे कोबोल घडली, आणि डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच आज्ञावली दोन कंपन्यांच्या संगणकांवर चालली. तरीही भाषा एक असून कंपायलर निरनिराळे वागत. म्हणून नौदलात बाईंनी त्यांच्यासाठी कसोट्या तयार करविल्या.

१९८६ साली त्या निवृत्त झाल्या; १ जानेवारी १९९२ रोजी निवर्तल्या. आपली आज्ञावली परक्या यंत्रावर पाठविणाऱ्याने आजही दोन गोष्टी पाहाव्यात : कंपायलर पारखलेला आहे ना, आणि शिदोरी बरोबर दिली आहे ना?