चीनच्या बादशहाला घड्याळं देऊन राजधानीत राहिलेला पाद्री : मातेओ रिची

साल १५७८. इटलीत जन्मलेला २५ वर्षांचा मातेओ रिची धर्मप्रचारासाठी गोव्यात उतरला. गोवा आणि कोचीनमध्ये चार वर्षं काढून तो मकावला गेला. तेव्हा चीनमध्ये परदेशी माणसाला शिरणं महाकठीण.

रिची आधी चिनी भाषा शिकला. सुरुवातीला तो बौद्ध भिक्खूंसारखा राहायचा. पण तिथे खरा मान विद्वानांना आहे हे कळल्यावर १५९५ मध्ये त्याने त्यांचा पोशाख स्वीकारला.

१६०१ मध्ये त्याने वानली बादशहाला आपोआप वाजणारी घड्याळं पाठवली. ती सांभाळायला माणूस हवाच ना! रिचीला बीजिंगमध्ये राहायला मिळालं. तिथे त्याने चिनी भाषेत जगाचा नकाशा काढला, शू ग्वांगछीसोबत युक्लिडची भूमिती चिनीत आणली.

ख्रिस्ती झालेल्यांनी पूर्वजांना वंदन केलं तरी चालेल, अशी त्याची भूमिका होती. १६१० मध्ये तो वारला, तेव्हा दफनासाठी बादशहाने जागा दिली.

पुढे रोमने पूर्वजांच्या वंदनावर बंदी घातली. चिडलेल्या कांगशी बादशहाने १७२१ मध्ये धर्मप्रचारच बंद केला. रोमने आपली बंदी मागे घेतली ती थेट १९३९ मध्ये. रिचीचं म्हणणं पटायला तीनशेहून जास्त वर्षं लागली.