वि. स. खांडेकर : दृष्टी गेल्यानंतरचे लेखकपण



शिक्रापूर-सणसवाडीच्या कारखान्यातील पाळी संपवून किंवा शेतातली कामे उरकून रात्री पुस्तक उघडणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला वाचन म्हणजे प्रथम डोळ्यांचे श्रम, हे सांगावे लागत नाही. वाचता येणे हीच ज्याच्या आयुष्याची मिळकत आहे, त्याची दृष्टी उतारवयात गेली तर काय होते? चरित्रकार नायकाचे कर्तृत्व विस्ताराने मांडतो. त्याने गमावलेले मात्र पुष्कळदा एका वाक्यात आटोपतो. विष्णु सखाराम खांडेकर यांच्या चरित्रात तो एका वाक्याचा भाग कोणता, हे या पाठात पाहू.

१. जीवनपट

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगली येथे झाला. मूळ नाव गणेश आत्माराम. १९१६ मध्ये दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. १९२० मध्ये ते कोकणातील शिरोडे या गावी शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तेथेच रमले. त्यानंतर कोल्हापूर ही त्यांची कर्मभूमी झाली. मास्टर विनायक यांच्यासाठी त्यांनी 'छाया', 'ज्वाला', 'देवता' अशा चित्रपटांच्या कथा लिहिल्या. १९४१ मध्ये सोलापूर येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १९५९ मध्ये 'ययाति' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९६८ मध्ये पद्मभूषण आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. ज्ञानपीठ मिळवणारे ते पहिले मराठी साहित्यिक. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले.

२. दृष्टी जाणे

या जीवनपटात एक गोष्ट नोंदवायची राहिली. खांडेकरांची दृष्टी पूर्वीपासूनच अधू होती आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ती पूर्णपणे गेली. मराठी साहित्याला पहिल्यांदाच मिळालेला ज्ञानपीठाचा सन्मान असा एका दृष्टिहीन लेखकाच्या हाती आला.

जन्मतः किंवा शैशवात आलेले अंधत्व आणि प्रौढ वयात आलेले अंधत्व यांत मोठा फरक असतो. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी शैशवातच गेली. त्यांचे ज्ञानविश्व प्रारंभापासून श्रवणावर उभे राहिले. प्रौढ वयात दृष्टी गमावणाऱ्याचे आधीचे सारे जग मात्र डोळ्यांवर उभारलेले असते. रंग, चेहरे, अक्षरांची वळणे त्याच्या स्मरणात राहतात. त्यांत नवी भर पडत नाही. लहान मूल त्याच्या स्मरणात लहानच राहते. 'उल्का', 'हिरवा चाफा', 'पांढरे ढग' ही खांडेकरांच्या कादंबऱ्यांची नावे पाहिली, तरी त्यांची प्रतिभा दृश्य जगाशी किती जडलेली होती, हे ध्यानात येते. अशा लेखकाला पुढे स्मरणातल्या आकाशावरच भागवावे लागते.

अशा माणसाच्या मनात प्रथम अविश्वास येतो, मग शोक. आणि शोकाइतकीच परावलंबनाची लाज. ब्रेल लिपी स्पर्शाने वाचता येते, परंतु उतारवयात बोटांना ती सवय लावणे कठीण जाते. म्हणून वाचन दुसऱ्याच्या आवाजातून आणि लेखन दुसऱ्याच्या हातातून होऊ लागते. वाचताना आपण मध्येच थांबतो, मागचे पान उलटतो, एखादी ओळ पुन्हा पाहतो. वाचून दाखवणाऱ्याला तेच पुन्हा पुन्हा सांगताना संकोच वाटतो. लिहिताना खोडलेला शब्द फक्त लेखकाला ठाऊक असतो. सांगून लिहवून घेताना तो लेखनिकालाही कळतो. आलेले पत्रही आधी दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. दृष्टीबरोबर लेखकाचे हे एकान्तही जाते.

३. समाजाची भूमिका

आपल्या समाजात अशा व्यक्तीसंबंधी दोन वृत्ती आढळतात. पहिली करुणेची : घरातील माणसे तिच्याशी बोलण्याऐवजी तिच्याविषयी, तिच्यासमोरच, बोलू लागतात, व्यवहाराचे निर्णय तिला न विचारता होतात. दुसरी गौरवाची : तिला 'प्रज्ञाचक्षू' म्हटले जाते आणि त्या थोर शब्दाच्या आड तिची रोजची अडचण दिसेनाशी होते. दोन्ही वृत्ती त्या माणसाला एकटे पाडतात.

या दोहोंहून वेगळी वाट सहकार्याची आहे. इंग्रज कवी मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण अंध झाला होता. तरी 'पॅराडाइज लॉस्ट' हे महाकाव्य त्याने इतरांकडून लिहवून घेतले आणि ते १६६७ मध्ये प्रसिद्ध झाले. खांडेकरांनीही अखेरच्या काळात वाचून दाखवणाऱ्यांच्या आणि लिहून घेणाऱ्यांच्या साहाय्याने साहित्याशी असलेले नाते टिकवले. यात मोल केवळ लेखकाच्या जिद्दीचे नाही. शब्द लेखकाचा आणि हात आपला, ही मर्यादा पाळणाऱ्या साहाय्यकांचेही आहे. साहाय्यक स्वतःचा शब्द घालू लागला, तर लेखकाचे उरलेसुरले स्वातंत्र्यही जाते.

४. समारोप

खांडेकरांनी अंधत्वावर विजय मिळवला, असे लिहिणे सोपे आहे. पण ते पुरेसे खरे नाही. 'अमृतवेल' (१९६७) नंतर त्यांच्या हयातीत त्यांची नवी कादंबरी आली नाही आणि 'एका पानाची कहाणी' हे आत्मचरित्र पुस्तकरूपाने वाचकांसमोर आले ते त्यांच्या मृत्यूनंतर. दृष्टिहानी, वार्धक्य आणि आजार यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. हानी झाली आणि तरीही लेखकपण संपले नाही. ही दोन्ही सत्ये शेजारी शेजारी ठेवणे हे चरित्रकाराचे काम होय.

स्वाध्याय

१. शैशवातील आणि प्रौढ वयातील अंधत्व यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'प्रज्ञाचक्षू' या गौरवशब्दाची मर्यादा स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. आपल्या गावातील उतारवयात दृष्टी गमावलेल्या एखाद्या व्यक्तीला, तिची संमती घेऊन, तिच्या आवडीचे एक प्रकरण वाचून दाखवा. तिने कोठे थांबवले, काय पुन्हा वाचायला सांगितले, याची नाव न देता नोंद करा.